न पाहिलेले गिऱ्हाईक

मराठीत 'भाव' हा मोठा लबाड शब्द आहे. देवळात त्याचा अर्थ श्रद्धा, कवितेत मनातली भावना आणि बाजारात वस्तूची किंमत. वर्गात हा शब्द आला की मी मुलांना तिन्ही अर्थ सांगते. मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, "मॅडम, मग परीक्षेत कोणता लिहायचा?" मी म्हणते, "वाक्य पाहून लिहा." कित्येक वर्षे हे उत्तर मला पुरेसे वाटत आले होते. परंतु अलीकडे एक असा व्यवहार जवळून पाहायला मिळाला की ज्यात हे सारे अर्थ एकमेकांत गुंतून गेले होते. वस्तूचा भाव ठरायचा तर आधी माणसावर भाव बसायला हवा, आणि माणूस तर सात समुद्रांपलीकडे बसलेला, कधी न पाहिलेला!

भामरागड हे नाव पुष्कळांनी हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पामुळे ऐकलेले असते. बाबा आमटे यांनी तो १९७३ साली सुरू केला आणि प्रकाश व मंदाकिनी आमटे यांनी तो चालवला. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग झाले तेव्हा आमचा तालुका गडचिरोलीच्या वाट्याला आला. येथे पामुलगौतमी आणि पर्लकोटा या नद्या इंद्रावतीला मिळतात. पलीकडच्या काठावर छत्तीसगड. ज्यांची मायबोली माडिया आहे अशा मुलांना मी येथे मराठी शिकवते, म्हणजे एका अर्थी परभाषाच शिकवते. ती मुले माझ्यापेक्षा एक भाषा जास्त जाणतात, हे मला दर वर्षी नव्याने जाणवते.

येथला आठवडी बाजार पाहण्यासारखा असतो. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उकिडवे बसलेले, मध्ये टोपली. वस्तू हातात घेऊन पाहता येते, वास घेता येतो, आणि विकणाऱ्याच्या डोळ्यांत बघता येते. शहरातल्या माणसाला वाटते, काय हा निर्मळ व्यवहार! पण तोंड दिसत होते म्हणून फसवणूक टळली, असे मुळीच झालेले नाही. एके काळी याच भागात मिठाच्या भारोभार चारोळी मोजून नेली जाई. मीठ देणारा समोर बसलेला असे, गोड बोलत असे, त्याचे नाव-गावही ठाऊक असे. जंगलात मीठ पिकत नाही आणि चारोळीला शहरात काय भाव येतो हे जंगलात कळत नाही, एवढ्या दोन गोष्टींवर तो व्यापार चालला. फसवणूक नेहमी डोळ्यांआड होते हा आपला समज आहे. खरे पाहता ती अज्ञानाच्या आड होते.

हे सारे सांगण्याचे कारण माझा एक जुना विद्यार्थी. बी.ए. झाला, नोकरीचे अर्ज करून थकला आणि गावी परतला. त्याच्या गावची काही म्हातारी माणसे बांबूच्या सुरेख फण्या करतात. इंद्रावतीपलीकडे बस्तरच्या मुरियांमध्ये तरुण मुले आपल्या आवडत्या मुलींसाठी अशा फण्या करीत, हे व्हेरिअर एल्विनच्या १९४७ सालच्या ग्रंथामुळे जगाला ठाऊक झाले. आमच्या या म्हाताऱ्यांच्या फण्यांनाही तापल्या सळईने काढलेली नक्षी असते. हाच पोरगा एके दिवशी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मॅडम, ह्या फण्या आपण बाहेरदेशी विकू जी. लिलावात." 

'लिलाव' हा शब्द भामरागडला नवा नाही. तेंदूपानांचे लिलाव येथे घराघरांत बोलले जातात. वनहक्क आणि पेसा या कायद्यांच्या आधाराने गावोगावच्या ग्रामसभा आता ते स्वतः करू लागल्या आहेत. मौज अशी की हा शब्द आपला नव्हेच. तो पोर्तुगीजांबरोबर समुद्रावरून आला. तेव्हा समुद्रावरून आलेला शब्द समुद्रापलीकडच्या व्यापाराला वापरायचा, यात गैर काही नव्हते.

त्याने निवडलेली जागा म्हणजे ईबे. तिची जन्मकथा मोठी गमतीची आहे. १९९५ साली अमेरिकेत पिअर ओमिडियार नावाच्या तरुणाने संगणकावर लिलावाची जागा उघडली आणि चाचणीसाठी आपली एक मोडकी वस्तू मांडली. भाषणात फळ्यावर लाल ठिपका पाडणारी ती लेझरची कांडी होती. तिला १४ डॉलर ८३ सेंट आले. त्याला वाटले, घेणाऱ्याच्या ध्यानात आलेले दिसत नाही. म्हणून त्याने कळवले की कांडी मोडकी आहे. उत्तर आले, मी मोडक्या कांड्याच जमवतो! जगात प्रत्येक वस्तूला कोणीतरी गिऱ्हाईक आहे, प्रश्न एवढाच की दोघांची गाठ कशी पडावी, हे त्या एका व्यवहाराने सिद्ध केले. माणसे मुळात चांगली असतात, असा त्या गृहस्थाचा विश्वास होता. पण नुसत्या विश्वासावर न विसंबता त्याने १९९६ साली एक वही उघडली. तीत प्रत्येकाने दुसऱ्याविषयी बरे-वाईट लिहून ठेवायचे. आपल्याकडे गावात 'पत' म्हणतात ती हीच. फरक इतकाच की गावात ती पारावर बोलली जाते आणि येथे लिहिलेली राहते. या कंपनीने २००४ साली आपल्याकडची 'बाझी' घेतली. २०१८ साली तिचे भारतातले देशी दुकान बंद झाले, पण येथून परदेशी माल विकण्याची वाट मोकळी राहिली.

वाट मोकळी असली तरी सोपी नव्हे. निर्यातीसाठी केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात क्रमांक काढावा लागतो. त्याची फी ५०० रुपये. टपाल खात्याने २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रे उघडली आहेत. तेथे सीमाशुल्काचे कागद भरून पार्सल रवाना करता येते. ऑस्ट्रेलियासारखे देश बांबूच्या वस्तूंना कीड नाही ना, हे डोळ्यांत तेल घालून पाहतात. पोराने हे सारे कागद एकट्याने केले. माझ्याकडे त्याने फक्त एक काम दिले, फणीचे वर्णन तपासण्याचे.

त्याने लिहिले होते: 'अत्यंत सुंदर, अप्रतिम, दुर्मिळ, जादुई आदिवासी फणी.' मी लाल शाई घेतली आणि चारही विशेषणे खोडली. त्याचे तोंड उतरले. मी म्हटले, "अरे, लांबी किती? दाते किती? बांबू कोणता? कुठे चीर आहे का? ते लिही." शेवटी मजकूर उरला तो असा: लांबी अमुक, दाते इतके, नवी केलेली, डाव्या टोकाला बारीक चीर आहे, फोटो पाहावा. विशेषणांबद्दल भांडण होऊ शकते, दात्यांच्या संख्येबद्दल होत नाही. परदेशी विक्रीतली पुष्कळ भांडणे 'वर्णनाप्रमाणे वस्तू नाही' या तक्रारीतून निघतात, हे मला मागाहून समजले. आमच्या व्याकरणाचा असाही उपयोग असतो! फणी चालते की नुसती दिसते, हे पाहण्यासाठी मी तिने माझे केसही विंचरून पाहिले.

पहिला लिलाव सात दिवसांचा होता. या लिलावात घेणाऱ्याने आपली कमाल रक्कम गुपचूप सांगून ठेवायची. मग यंत्र गरजेपुरतीच बोली चढवत नेते. खरी चढाओढ शेवटच्या काही मिनिटांत होते. आमची वेळ संपायची होती पहाटे साडेपाचला. गावात कोंबडा आरवतो तेव्हा न्यूयॉर्कात आदल्या रात्रीचे आठ वाजलेले असतात. गावात रेंज नाही, म्हणून पोरगा टेकाडावर जाऊन बसला. नऊ डॉलरवर मांडलेली फणी एकतीस डॉलरला गेली. घेणारी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातली एक बाई. पैसे भरण्याआधी तिने चार प्रश्न विचारले आणि एक तक्रार केली: फणीपेक्षा टपालखर्च जास्त कसा? पोरगा घाबरला. मला मात्र त्या तक्रारीने फार बरे वाटले. का, ते पुढे सांगते.

गावातल्या नऊ घरांनी मग गट केला. वर्षभर फण्या, टोपल्या, तंबाखूच्या डब्या एकेक करून जात राहिल्या. आणि एक दिवस ते पत्र आले.

कोणी एका गृहस्थाला साठ फण्या एकदम हव्या होत्या. त्याचा पहिला निरोप लिलावाच्या जागेवर आला, पण पुढचे बोलणे खाजगी पत्राने करू, अशी त्याची विनंती होती. तो म्हणे समुद्रावर नोकरीला होता, त्यामुळे फोन शक्य नव्हता. पत्नीचा वाढदिवस जवळ आला होता. किमतीबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. उलट तसदीबद्दल तो शंभर डॉलर जास्त देणार होता. त्याचा वाहतूकदार येऊन माल घेऊन जाईल, वाहतूकदाराचे पैसे तो आमच्याच रकमेत भरणार होता, ते आम्ही तिकडे पाठवायचे. त्याच संध्याकाळी दुसरे पत्र आले, पैसे पोचवणाऱ्या एका कंपनीच्या नावाने, तिच्या बोधचिन्हासकट. रक्कम जमा झाली आहे, पण राखून ठेवली आहे. वाहतूकदाराला अठ्ठावीस हजार रुपये पाठवल्याची पावती द्या, की ती मोकळी होईल.

गटाच्या खात्यात एकतीस हजार होते. नऊ घरांचे वर्षभराचे. पोरगा दोन्ही पत्रांच्या छापील प्रती घेऊन माझ्या घरी आला तेव्हा त्याचा चेहरा उजळलेला होता. साठ फण्यांचे पैसे आले असते तर गटातल्या दोन मुलींची वसतिगृहाची सोय झाली असती.

मला व्यापारातले काही कळत नाही. पण पत्रलेखन हा विषय मी वर्षानुवर्षे शिकवत आले आहे. मी ते पत्र विद्यार्थ्याचा पेपर तपासावा तसे वाचले. पहिलीच गोष्ट डोळ्यांत भरली ती ही, की साऱ्या पत्रात 'फणी' हा शब्द कोठेच नव्हता. 'तुमची वस्तू', 'ही वस्तू', 'उत्तम स्थितीतली वस्तू'. ज्याला साठ फण्या हव्यात तो एकदाही फणी म्हणत नाही? मग हे पत्र फणीवाल्याला लिहिलेलेच नव्हते. तेच पत्र सतारवाल्याला, घड्याळवाल्याला आणि जुन्या गाडीवाल्यालाही गेले असणार. दुसरी गोष्ट, त्याने भाव केला नव्हता. आमच्या ओहायोच्या बाईने टपालावरून कुरकुर केली होती. खरे गिऱ्हाईक कुरकुरते, कारण पैसे त्याच्या खिशातून जाणार असतात. ज्याच्या खिशातून काही जायचेच नाही तोच असा उदार होतो. तिसरी गोष्ट घाई, आणि चौथी म्हणजे स्वतःची नको इतकी माहिती. जहाज, बायको, वाढदिवस, देवाची कृपा! उसने मागायला आलेला दूरचा नातेवाईक आधी आपल्या आजाराची हकिकत सांगतो, त्या चालीवर ते पत्र चालले होते.

पोरगा गप्प ऐकत होता. मग जरा चिडून म्हणाला, "मॅडम, तुम्ही कोणावरच भरोसा ठेवत नाही का जी? तो खरा असला तर?"

प्रश्न खोटा नव्हता. संशय हाही एक प्रकारचा अन्याय आहे, आणि गरिबाने संशय घेतला तर नुकसानही त्याचेच होते. मी म्हटले, "खरा असला तर तीन प्रश्नांची उत्तरे देईल आणि आठ दिवस थांबेल. खऱ्याला थांबता येते."

प्रश्न आम्ही तिथेच लिहिले: कोणत्या फोटोतली फणी हवी? किती दात्यांची? पैसे लिलावाच्या नेहमीच्या मार्गानेच का भरत नाही? मग पोराने पैशांच्या कंपनीच्या पत्रातला दुवा न दाबता, आपल्या हाताने पत्ता टाकून स्वतःचे खाते उघडले. तेथे एक सेंटही जमा नव्हता. पत्राच्या माथ्यावर कंपनीचे नाव झळकत होते, पण पाठवणाऱ्याच्या पत्त्यात 'ॲट'च्या खुणेपुढे भलतेच काही होते. दुकानाची पाटी कोणालाही रंगवता येते, दुकान कोठे आहे ते पाहावे लागते.

दोन दिवसांनी उत्तर आले. 'वस्तू उत्तम आहे, कृपया लवकर पैसे पाठवा.' गटाच्या बैठकीत ते वाचून दाखवले तेव्हा एक म्हातारी हसली. माडियात काही म्हणाली. पोराने मराठी करून सांगितले, "ती म्हणते, मीठवाला पण असाच गोड बोलायचा." अठ्ठावीस हजार गटाच्या खात्यातच राहिले. पोराने गृहखात्याच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावर तक्रार मात्र नोंदवली. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, म्हणजे ते वाटेत अडवण्याची संधी असते, हे त्या निमित्ताने साऱ्या गावाला पाठ झाले.

या धंद्याला मोठी परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात घरोघरी पत्रे येत की एक धनवान गृहस्थ स्पेनच्या तुरुंगात अडकला आहे, त्याला सोडवण्यापुरते पैसे पाठवा, खजिन्यात वाटा देतो. 'स्पेनचा कैदी' म्हणून ती युक्ती प्रसिद्ध झाली. पुढे तोच कैदी नायजेरियात राजपुत्र झाला. त्या देशाच्या दंडसंहितेत फसवणुकीचे कलम ४१९, म्हणून जगभर या पत्रांना 'चारशेएकोणीस' म्हणतात. आपल्याहून एकाने कमी! आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली आणि फसवणूक कलम ३१८ मध्ये गेली. कलम गेले, पण 'चारसोबीस' मराठीत राहिला. शब्दांना शासनाचे राजपत्र लागू होत नाही.

वाचकांपैकी कित्येकांच्या माळ्यावर आजीचे घंगाळ असेल, आजोबांची तिकिटे असतील, आणि परदेशी कोणीतरी ती घ्यायला तयारही असेल. म्हणून आम्ही शिकलो ते थोडक्यात सांगते. बोलणे आणि पैसे, दोन्ही लिलावाच्या जागेच्या बाहेर जाऊ देऊ नयेत. जास्तीचे पैसे देऊन उरलेले परत मागणारा नेहमी लबाड. परदेशी धनादेश वटायला आठवडे लागतात, आणि खात्यात रक्कम दिसली तरी धनादेश न वटल्यास बँक ती परत काढून घेते. माल फक्त व्यवहारात नोंदलेल्या पत्त्यावर पाठवावा. 'माझ्या भाच्याकडे पाठवा' म्हटले की हात आखडावा. पाठलाग करता येईल असेच टपाल वापरावे आणि पावती जपावी. पेपालसारख्या सेवेत घेणाऱ्याला १८० दिवसांपर्यंत तक्रार करता येते, आणि वाहतूकदार दारातून माल घेऊन गेला तर विकणाऱ्याच्या हाती पोच उरत नाही. क्रेडिट कार्डावर भरलेले पैसेही कार्डवाला उलटवू शकतो. म्हणून पार्सल बांधताना, वस्तू दिसेल असे, चित्रण करून ठेवावे. आणि देशातल्या देशात कोणी 'पैसे पाठवतो, पिन टाका' म्हणाला तर फोन ठेवावा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो.

येथवर आम्ही फसता फसता वाचलेले लोक होतो. पण बाजारात माणूस दोन्ही बाजूंना उभा असतो, हे लवकरच कळले.

युरोपातल्या एका संग्राहकाचे पत्र आले. हा खरा होता. मागे घेतलेल्या दोन डब्यांचे पैसे त्याने चोख दिले होते. त्याचे म्हणणे असे की, नवी फणी तीस डॉलरला जाते. तीच शंभर वर्षांची जुनी म्हणून मिळाली तर मी दोनशे देईन. तुमच्याकडे जुन्या असतीलच. गटातल्या एका हुशार तरुणाने लगेच तोड काढली. नवी फणी चुलीवर महिनाभर टांगायची, तेल लावायचे, धुराने ती आपोआप शंभर वर्षांची होते. "मॅडम, त्याला जुनी पायजे, आपण जुनी देऊ. कोणाचं काय जाते?"

कायद्याचे उत्तर माझ्याजवळ होते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवताच येत नाही. हस्तलिखितांना तर ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. म्हणजे फणी खरोखर जुनी असेल तर तो गुन्हा, आणि नवी असून जुनी म्हटली तर ती फसवणूक. मोरपिसांचेही तसेच, देशात त्यांचा व्यवहार चालतो, निर्यात चालत नाही. आणि गव्याच्या शिंगाचे तर नावच काढू नये. हे सारे मी सांगितले. तरुणाने मान हलवली, पण त्याला पटलेले दिसले नाही. दोनशे डॉलर ही रक्कम कायद्यापेक्षा मोठ्या आवाजात बोलते. आणि मनातल्या मनात मलाही त्याचा प्रश्न छळत होता. मिठाच्या भारोभार ज्यांची चारोळी गेली, त्यांनी एखाद्या श्रीमंत संग्राहकाला थोडे फसवले तर खरेच कोणाचे काय जाते?

उत्तर दिले ते पोराच्या आजोबांनी. ते आजवर एका कडेला बसून दाते तासत होते. हातातले काम न थांबवता त्यांनी नातवाला काही विचारले. नातू जरा थांबला, मग मला म्हणाला, "आजोबा म्हणते, जुनी म्हणून विकली तर ती कोणी केली म्हणायची? मेलेल्याने?"

कोणी काही बोलले नाही. म्हाताऱ्याने पुढे विचारले, "मग मी काय केलं?"

एवढे साधे मला सुचले नव्हते. नव्या वस्तूला जुनी म्हणायचे म्हणजे जिवंत माणसाचे हात पुसून टाकायचे. संग्राहकाचे काय जाते ते जाऊ द्या, पण म्हाताऱ्याचे सगळेच जात होते. त्या दिवसापासून प्रत्येक फणीच्या वर्णनात 'नवी केलेली' या शब्दांपुढे करणाऱ्याचे नाव आणि साल लिहिले जाते. संग्राहकाला तसे कळवले. त्याने दोनशे डॉलर दिले नाहीत. पण चाळीसला एक फणी मात्र घेतली.

वस्तू देशाबाहेर जाणे आणि लिलावातून परत येणे, या दोन्ही गोष्टी आपल्या विदर्भाला नव्या नाहीत. ज्या रघुजी भोसल्यांच्या हाती १७५१ साली चांद्याचे गोंड राज्य गेले, त्यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सोदबीजमध्ये लिलावाला निघाली. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली आणि ऑगस्टात ती मुंबईला पोचली. ती बातमी वाचून माझ्या मनात आले, जी वस्तू इतिहास झाली ती राहावी आपल्याजवळ, आणि जी आज होते आहे ती खुशाल जगभर जावी. मात्र कोणती कोणती आहे, हे खरे सांगावे.

त्याच ऑगस्टात आमच्यावर वेगळाच प्रसंग आला. अमेरिकेने लहान पार्सलांची जकातमाफी काढून घेतली आणि २५ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय टपालाने तिकडची पार्सले घेणे थांबवले. ओहायोच्या बाईने तेव्हा नुकत्याच सहा फण्या घेतल्या होत्या, नातींसाठी. पैसे आले होते, माल बांधून तयार होता, आणि टपाल बंद! गटात कोणी म्हणाले, थोडे दिवस गप्प राहू, सुरू होईलच. पोराने मात्र मला न विचारता त्याच रात्री टेकाडावर जाऊन लिहिले: टपाल बंद आहे, केव्हा सुरू होईल ठाऊक नाही, तुमचे पैसे परत करतो. आणि केले. त्या महिन्यात गटाची तेवढीच विक्री झाली होती.

टपाल १५ ऑक्टोबरला सुरू झाले, पण जाहीर किमतीच्या निम्मी जकात येथेच भरावी लागत होती. पोराने बाईला तेही आकड्यांसकट कळवले. तिने परत सहाच्या सहा फण्या मागवल्या. जकात दिली. टपालखर्चावरून पुन्हा कुरकुर केली!

हा पोरगा माझ्याकडे पत्र तपासून घ्यायला आताशा येत नाही. त्याला लबाडाची भाषा वाचता येऊ लागली आहे, आणि भल्या माणसाची लिहिताही येऊ लागली आहे. मी पूर्वी समजत होते, विश्वास आणि सावधपणा ही सवती-सवतीची जोडी आहे, एक घरात आली की दुसरी बाहेर. तसे दिसत नाही. ज्याने तीन प्रश्न विचारून एकाला परतवले त्यानेच न मागता दुसरीचे पैसे परत केले. बहुधा दोन्ही कामे एकाच ठिकाणाहून होत असावीत.

फण्या पोचल्यावर बाईने पतीच्या वहीत दोन ओळी लिहिल्या. पोराने त्या मला फोनवर दाखवल्या. सुंदर, अप्रतिम, दुर्मिळ यांतले एकही विशेषण तीत नव्हते. तिने लिहिले होते की फणी केसांत अडकत नाही आणि केस ओढत नाही. पोराने ते आजोबांना माडियात सांगितले. त्यांनी ते दोनदा ऐकले, मान डोलावली आणि म्हणाले, बरोबर आहे, दात्यांची टोके गोल केली होती.